उतरवून घेतलेल्या फाइलचा ताळा

‘माइनक्राफ्ट’ हा ठोकळ्यांचा खेळ आपल्या गावातील मुले खेळत असतील, तर त्यांच्यापैकी एखाद्याने एव्हाना स्वतःचा सर्व्हरही मांडला असेल. घरच्यांना त्याचा पत्ता असतोच असे नाही. आईला वाटते, पोरगा संगणकावर खेळतो आहे. पण खेळणे निराळे आणि खेळाचा सर्व्हर चालवणे निराळे. खेळणारा मैदानावर येतो नि जातो. सर्व्हर म्हणजे ते मैदान राखणारा. कोण आले, कोणी कोठे घर बांधले, कोणाच्या पेटीत काय आहे, याची सारी नोंद तो ठेवतो, आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी संगणकाचे एक दार सतत उघडे ठेवून बसतो. माइनक्राफ्टच्या बाबतीत त्या दाराचा नेहमीचा क्रमांकही ठरलेला आहे, २५५६५.

हा सर्व्हर म्हणजे एक फाइल असते, ‘सर्व्हर.जार’ नावाची. ती इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येते. प्रथम चालवली की ती लगेच थांबते आणि एक कराराचा कागद पुढे करते. त्यात ‘फॉल्स’ या शब्दाच्या जागी ‘ट्रू’ लिहिले की काम सुरू. (तो करार वाचून मगच ‘ट्रू’ लिहिणारे किती असतील, हा प्रश्न आपण आज बाजूला ठेवू.) आज विचार करायचा आहे तो त्याच्याही आधीच्या पायरीचा. आपण उतरवून घेतलेली फाइल ही खरोखर ती बनवणाऱ्यांचीच आहे, वाटेत तिच्यात कोणी काही घातलेले नाही, हे ओळखावयाचे कसे?

याला महत्त्व कशासाठी, ते आधी सांगतो. कोणताही प्रोग्रॅम आपण चालू केला, की तो आपल्या नावाने आणि आपल्या अधिकाराने कामाला लागतो. आपण जी फाइल उघडू शकतो ती त्यालाही उघडता येते. ज्या संगणकावर मुलगा सर्व्हर चालवतो, त्याच संगणकावर आई बँकेचे व्यवहार करीत असेल, वडील सोसायटीचा हिशेब ठेवीत असतील, आणि शाळेचा संगणक असेल तर त्यावर मुलांचे निकाल असतील. घरात गडी ठेवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. प्रोग्रॅम मात्र पाहताक्षणी आत घेतो.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना परिचित असलेल्या एका गोष्टीकडे वळू. गुणाकार बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी जुने पंतोजी नवाचा ताळा घेत. ४७ गुणिले ३८, उत्तर १७८६. सत्तेचाळीसचे अंक मिळवले, अकरा. पुन्हा मिळवले, दोन. अडतीसचेही अकरा, म्हणजे दोन. दोन दुणे चार. उत्तराचे अंक मिळवा: एक, सात, आठ, सहा, बावीस झाले, दोन आणि दोन चार. ताळा जुळला! एवढा मोठा गुणाकार पुन्हा न करता एका अंकात पडताळा मिळाला. पण समजा, विद्यार्थ्याने घाईत १७८६ ऐवजी १७६८ लिहिले. अंकांची बेरीज तीच, बावीसच. ताळा जुळला आणि उत्तर चुकले. अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसतच नाही, हे त्याचे व्यंग.

हे व्यंग काढून टाकणारे ताळेही पुढे निघाले. आपल्या आधार क्रमांकाचे बारा अंक असतात ना, त्यातला शेवटचा अंक असाच ताळ्याचा आहे. व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली दिलेली ही रीत. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, की ती हमखास पकडते. पण मंडळी, हे सगळे ताळे चुकीसाठी आहेत, लबाडीसाठी नाहीत. ज्याला रीत ठाऊक आहे तो हवा तो खोटा क्रमांक रचून त्याच्या शेवटी योग्य तो अंक बसवू शकतो. प्रामाणिक माणसाच्या विसराळूपणाला आळा बसतो, मुद्दाम फसवणाऱ्याला बसत नाही.

म्हणून फाइलींसाठी जो ताळा वापरतात तो फार निराळ्या घडणीचा आहे. त्याला ‘हॅश’ म्हणतात. आपण त्याला फाइलचा ठसा म्हणू. सध्या जी रीत सर्रास वापरतात तिचे नाव ‘एसएचए-२५६’. अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या संस्थेने तिला २००२ साली अधिकृत मान्यता दिली. फाइल एका ओळीची असो की कादंबरीएवढी असो, तिचा ठसा नेहमी ६४ अक्षरांचाच निघतो. त्यात शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजीतील ‘ए’ ते ‘एफ’ ही सहा अक्षरे एवढीच चिन्हे असतात. असे एकूण किती ठसे होऊ शकतात, म्हणाल, तर ती संख्या ७८ अंकी आहे.

या ठशाचे दोन गुण आहेत. पहिला असा की, फाइलमध्ये कोठेही, अगदी एका पूर्णविरामाचा फरक केला, तरी ठसा थोडासा बदलत नाही, सारा पालटतो. हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन कोऱ्या फाइलींत एकच वाक्य लिहावे. एकीत शेवटी पूर्णविराम द्यावा, दुसरीत देऊ नये. आणि दोन्हींचे ठसे फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवावेत. मुले चकित होतात. दुसरा गुण अधिक मोलाचा. फाइलवरून ठसा काढणे हे क्षणाचे काम. पण दिलेल्या ठशाला जुळेल अशी दुसरी फाइल मुद्दाम घडवणे आजच्या सगळ्या संगणकांना जुंपले तरी आवाक्यात येत नाही. नवाच्या ताळ्याला फसवायला दोन अंक उलटे लिहिले की भागते. इथे तशी वाट अजून कोणाला सापडलेली नाही.

जुन्या रीतींबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. ‘एमडी-५’ ही १९९१ सालच्या सुमाराची रीत. एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली तिच्यात बनवता येतात, हे चीनमधील संशोधिका वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले. ‘एसएचए-१’ या रीतीचीही तीच गत २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या गणितसंस्थेतील व गूगलमधील संशोधकांनी केली. यात एक बारकावा आहे. दोन्ही फाइली स्वतःच रचून त्यांचे ठसे जुळवणे, हे त्यांनी साधले. दुसऱ्याने आधीच बनवलेल्या फाइलच्या ठशाला जुळेल अशी फाइल घडवणे, हे त्याहून पुष्कळ अवघड आहे. म्हणून माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग कंपनी आपल्या सर्व्हर फाइलचा एसएचए-१ ठसा प्रसिद्ध करते, तो अगदीच निरुपयोगी ठरत नाही. पण जेथे दोन्ही दिलेले असतील तेथे २५६ चाच घ्यावा. कोणती रीत आहे ते ठशाच्या लांबीवरून कळते: ३२ अक्षरे असली तर एमडी-५, ४० असली तर एसएचए-१, आणि ६४ असली तर बहुधा एसएचए-२५६.

ठसा काढण्यास वेगळे काही विकत आणावे लागत नाही. विंडोजच्या संगणकावर ‘पॉवरशेल’ नावाची खिडकी उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा द्यावी व पुढे फाइलचे नाव लिहावे. काही निराळे सांगितले नाही तर ती एसएचए-२५६ चाच ठसा काढते. लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा आहे. जो ठसा निघेल तो प्रसिद्ध केलेल्या ठशाशी ताडून पाहायचा, आणि हे सगळे फाइल चालवण्याच्या आधी. चालवून मग ताळा पाहणे म्हणजे जेवण झाल्यावर ताकाचा वास घेणे.

ताडून पाहण्याचीही एक खोड लोकांना असते. पहिली चार अक्षरे पाहिली, शेवटची चार पाहिली, जुळले म्हणून सोडून दिले. चौसष्ट अक्षरे वाचायचा कंटाळा येतो, हे खरेच. पण पुढची चार आणि मागची चार एवढीच आठ अक्षरे जुळवायची असतील, तर लबाडाला सरासरी चारशे एकोणतीस कोटी प्रयत्न करावे लागतात. आपल्याला हा आकडा अवाढव्य वाटतो. साध्या संगणकाला तो आवाक्याबाहेरचा नाही. तेव्हा डोळ्यांवर भिस्त न ठेवता दोन्ही ठसे एकाखाली एक चिकटवून संगणकालाच विचारावे, हे दोन सारखे आहेत का.

इथपर्यंत रीत झाली. आता खरी मेख सांगतो. ठसा जुळला याचा अर्थ एवढाच, की हा ठसा ज्या फाइलचा सांगितला तीच फाइल आपल्या हाती आली. पण तो ठसा तुम्हांला सांगितला कोणी?

लिनक्स मिंट ही संगणक चालवणारी एक मोफत प्रणाली आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी कोणी घुसखोर तिच्या संकेतस्थळात शिरला आणि त्याने उतरवून घ्यायचा दुवाच बदलून टाकला. लोक मूळ पत्त्यावर जात होते, पण हाती येत होती चोरदार ठेवलेली फाइल. आणि त्याने शेजारी लिहिलेला ठसासुद्धा बदलला होता, असे त्याने पुढे एका वार्ताहरास सांगितले! त्या दिवशी ज्याने इमानेइतबारे ताळा पाहिला असेल, त्याचा ताळा जुळला असेल. वजन आणि तराजू दोन्ही एकाच दुकानदाराचे असले म्हणजे असे होते.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. गप्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘अनरियल आयआरसीडी’ या सर्व्हर प्रोग्रॅमची फाइल मूळ स्थळाखेरीज इतर काही स्थळांवरही ठेवलेली असे. गर्दी वाटली जावी म्हणून अशा नकला ठेवतात. त्यांना ‘मिरर’ म्हणतात. नोव्हेंबर २००९ च्या सुमारास त्या नकलांच्या जागी कोणी बिघडवलेली फाइल ठेवली. ही गोष्ट उघडकीस आली जून २०१० मध्ये. सात महिने! मूळ फाइल बनवणाऱ्यांजवळ शाबूत होती. नक्कल एका ठिकाणाहून आणि ठसा मूळ घराहून, असे ताडून कोणी पाहिले असते, तर पहिल्याच दिवशी बिंग फुटले असते. यावरून ध्यानात घ्यावे, की फाइल जेथून घेतली त्याहून वेगळ्या ठिकाणाहून ठसा मिळाला, तर त्या ताळ्याची किंमत पुष्कळ वाढते. पत्त्याच्या आरंभी जे कुलपाचे चिन्ह दिसते, ते फक्त वाटेवरच्या चोरीपासून रक्षण करते. वखारीतच भेसळ असेल तर त्याचा उपाय त्या कुलपाकडे नाही.

मग वखारीतल्या भेसळीवर उपाय काय? सही. आपल्याकडे शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब असे. मोर्तबाच्या खाली कोणी ओळ वाढवली तर ती बनावट, हे पाहणाऱ्यास लगेच कळे. शिक्कामोर्तब हा शब्द तिथूनच आपल्या बोलण्यात राहिला. संगणकावरची सही याच कामाची आहे, फक्त तिचे लाकूड-पितळ गणिताचे आहे. बनवणाऱ्याजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. एक गुप्त किल्ली, ती तो कोणास देत नाही. तिने तो फाइलच्या ठशावर सही करतो. दुसरी उघड किल्ली, ती तो जगाला वाटतो. तिने सही तपासता येते, करता येत नाही. ही कल्पना डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली मांडली. संकेतस्थळात शिरलेला चोर फाइल बदलील, ठसा बदलील. पण गुप्त किल्ली त्या स्थळावर ठेवलेलीच नसेल तर सही कोठून आणील? ‘व्हीएसएफटीपीडी’ या फाइल-देवाणघेवाणीच्या सर्व्हरची बिघडवलेली फाइल २०११ च्या जुलैत चक्क मूळ स्थळावर आढळली. आत येणाऱ्याने आपल्या नावापुढे हसऱ्या चेहऱ्याची दोन चिन्हे टाकली, की त्या प्रोग्रॅमचे चोरदार उघडत असे. पण तिची सही जुळत नव्हती, आणि काही दिवसांतच ती पकडली गेली.

अर्थात उघड किल्ली त्या बनवणाऱ्याचीच कशावरून, हा प्रश्न उरतोच. ती एकदाच नीट चौकशी करून, दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी तिचा क्रमांक पडताळून घ्यावी आणि जपून ठेवावी. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तीच चालते. लिनक्सवरील डेबियनसारख्या प्रणालींत हे काम संगणक स्वतःच करतो. आपणांस दिसतही नाही. खेळांच्या जगात मात्र सह्यांची शिस्त अजून पुष्कळ कमी आहे. माइनक्राफ्टच्या सर्व्हरला जोडायचे जे शेकडो प्लगइन असतात, त्यांपैकी बहुतेकांवर बनवणाऱ्याची सही नसते.

आणि नेमके तिथेच जून २०२३ मध्ये घडले ते ऐका. कर्सफोर्ज आणि बुकिट ही प्लगइन व मॉड मिळण्याची नावाजलेली ठिकाणे. तेथील काही लेखकांची खाती परक्याच्या हाती गेली आणि त्यांच्या नावाने विषारी फाइली चढवण्यात आल्या. या विषाला ‘फ्रॅक्चरायझर’ असे नाव पडले. ते ब्राउझरमध्ये साठवलेले परवलीचे शब्द चोरीत असे, खेळाची आणि गप्पांची खाती पळवीत असे, आणि संगणकावर जेवढ्या म्हणून जार फाइली सापडतील त्या सगळ्यांत शिरत असे. फाइल अधिकृत ठिकाणची, खाते खऱ्या लेखकाचे. इथे उतरवतानाचा ताळा जुळणारच.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे सही खरी आणि माल खोटा. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या साध्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरदार सापडले. ते ठेवणारा दुसरा कोणी नव्हता. दोन-अडीच वर्षे खपून ज्याने विश्वास संपादन केला, तो सांभाळणाराच होता, आणि फाइलवर त्याचीच सही होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, आणि त्याने चिकाटीने मूळ शोधून काढले. तर कधी माल खरा, हेतू खरा, पण घडणीतच खोट असते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या नोंदी ठेवणाऱ्या भागात जी भेग सापडली, तिच्यामुळे माइनक्राफ्टच्या गप्पांत एक विशिष्ट ओळ लिहूनच सर्व्हर ताब्यात घेता येई. त्या फाइलींचे ठसे अगदी बरोबर होते. अशा वेळी उपाय एकच, नवी दुरुस्त आवृत्ती तत्परतेने घेणे; आणि त्या नव्या फाइलचा ताळा पुन्हा पाहणे.

मग कोणी म्हणेल, एवढ्या ठिकाणी ताळा अपुरा पडतो, तर तो पाहावाच कशाला? गावात एक दार मागचेही आहे म्हणून पुढच्या दाराला कडी लावू नये, असे आपण म्हणत नाही. शिवाय ठशाचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते घरच्या किंवा शाळेच्या सर्व्हरला तोच सर्वांत जास्त कामी येतो. एक साधी वही करावी. तीत फाइलचे नाव, आवृत्ती, कोठून घेतली, तारीख, आणि घेतली त्या दिवशीचा ठसा, एवढे लिहावे. चौसष्ट अक्षरे हाताने लिहिणे जिवावर येईल. छापून चिकटवली तरी चालेल. मात्र ही वही त्याच संगणकात ठेवू नये. महिन्या-दोन महिन्यांनी ठसे पुन्हा काढून वहीशी ताडावेत. आपण नवी आवृत्ती घेतलेली नसताना प्रोग्रॅमचा ठसा बदलला, तर कोणीतरी आत हात घातला आहे. फ्रॅक्चरायझर एका फाइलमधून दुसरीत शिरत होते. ज्याच्याजवळ अशी वही असेल, त्याला कोणत्या फाइली बाटल्या हे लगेच कळले असते. सर्व्हरच्या ज्या फाइलींत खेळाचे जग साठते त्या रोजच बदलतात, त्यांचा ठसा लिहिण्यात अर्थ नाही. फक्त जार फाइलींचा लिहावा.

ठसा जुळला नाही तर लगेच चोर शिरला असे समजून आरडाओरडा करण्याचे कारण नाही. पुष्कळदा वीज गेलेली असते, जोडणी तुटून फाइल अर्धीच उतरलेली असते, किंवा आपण ठसा एका आवृत्तीचा आणि फाइल दुसऱ्या आवृत्तीची पाहत असतो. आधी आवृत्ती तपासावी, मग फाइल पुसून टाकून पुन्हा उतरवावी. दुसऱ्या खेपेसही जुळले नाही, तर ती चालवू नये आणि बनवणाऱ्यांना कळवावे. मुलाने घाईने “काही होत नाही हो, सगळे चालवतात” असे म्हटले तरीही चालवू देऊ नये.

काही सर्व्हर हे काम आपणहून करतात. ‘पेपर’ हा माइनक्राफ्टचा सर्व्हर प्रथम चालू होताना मोजांगची मूळ फाइल उतरवून घेतो, तिचा ठसा जुळला तरच पुढे जातो. तरी खुद्द पेपरच्या फाइलचा एसएचए-२५६ ठसा त्यांच्या पानावर दिलेला असतो, तो आपणच पाहायचा. व्हॉल्व्ह कंपनीच्या खेळांचे सर्व्हर ‘स्टीमसीएमडी’ या साधनाने उतरवतात. त्याच्या आज्ञेत शेवटी ‘व्हॅलिडेट’ हा शब्द जोडला, की ते आपल्याजवळची प्रत्येक फाइल मूळ यादीशी ताडून पाहते आणि जी जुळणार नाही तिच्या जागी नवी आणून ठेवते. पण सांभाळा. मूळ मालाबरोबर आलेल्या मांडणीच्या फाइलींत आपण हौसेने काही बदल केले असतील, तर त्याही न जुळणाऱ्यांत धरून ते साधन पुसून टाकते. तेव्हा आधी त्या फाइलींची एक नक्कल दुसऱ्या फोल्डरमध्ये काढावी, आणि मगच ‘व्हॅलिडेट’ लिहावे.